उताऱ्यावरचे प्रश्न: डावपेच किती, वाचन किती?

मुलुंडमध्ये नवघर रोडपासून पाच रस्त्यापर्यंत कुठल्याही सोसायटीत चौकशी करा, उताऱ्यावरच्या प्रश्नांशी झुंजणारे कुणी ना कुणी भेटतेच. पहिल्या मजल्यावरची मुलगी शिष्यवृत्तीला बसलेली असते. तिचा दादा वझे महाविद्यालयातून पदवी घेऊन कॅटच्या मॉक देत असतो. वरच्या मजल्यावरची ताई एमपीएससीसाठी अभ्यासिका गाठते आणि समोरच्या घरातला मुलगा परदेशी शिकायला जायचे म्हणून आयईएलटीएसचे पुस्तक उघडून बसतो. चौघांचे अभ्यासक्रम वेगळे, वये वेगळी, पण एक गोष्ट सगळ्यांच्या वाट्याला येते. आधी कधीही न पाहिलेला उतारा, त्याखाली प्रश्न, प्रश्नाखाली पर्याय आणि डोक्यावर घड्याळ.

गणिताला सूत्रे असतात, इतिहासाला सनावळ्या असतात. उताऱ्याचा अभ्यास कसा करायचा, हे मात्र कुणी नीट सांगत नाही. त्यामुळे काही पालक ‘ते काय, वाचून उत्तर द्यायचे’ असे म्हणून विषय सोडून देतात, तर काही जण क्लासमध्ये मिळणाऱ्या युक्त्यांवर सगळी भिस्त ठेवतात. दोन्हींमुळे मुलांचे नुकसान होते. या युक्त्यांपैकी कोणत्या टिकतात, कोणत्या कुठल्या परीक्षेत चालतात आणि त्यांची धाव कुठे संपते, याचा हा आढावा. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. डावपेच खरे आहेत आणि उपयोगाचे आहेत, पण ते मूठभर आहेत. ते थोड्या दिवसांत शिकून होतात. त्यापुढचे गुण वाचनातूनच येतात.

परीक्षा अनेक, घड्याळे वेगळी

सर्वांत आधी भेटते ती शिष्यवृत्ती परीक्षा. पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद ती घेते. अनेक वर्षे चौथी आणि सातवीला असलेली ही परीक्षा २०१६-१७ पासून काही वर्षे पाचवी आणि आठवीला घेतली गेली. प्रत्येक पेपरात ७५ प्रश्न, १५० गुण आणि ९० मिनिटे. पहिल्या पेपरात प्रथम भाषेचे २५ प्रश्न असतात, दुसऱ्यात तृतीय भाषेचे २५. म्हणजे मराठी माध्यमाच्या मुलाला इंग्रजी वाचून उत्तरे द्यावी लागतात आणि इंग्रजी माध्यमाच्या मुलाला मराठी. आठवीच्या पेपरात तर काही प्रश्नांना दोन पर्याय अचूक असत आणि दोन्ही वर्तुळे रंगवावी लागत. एक बरोबर पर्याय सापडला की पुढे पळणारी मुले इथे हमखास फसत.

दहावीत हाच उतारा वेगळ्या रूपात येतो. २०१८-१९ पासून नव्या अभ्यासक्रमाबरोबर मराठीच्या प्रश्नपत्रिकेची कृतिपत्रिका झाली. तिच्यात पठित उताऱ्यांबरोबर अपठित उताराही असतो आणि आकलनाच्या कृती कराव्या लागतात. इथे पर्याय निवडायचा नसतो, उत्तर शोधून लिहायचे असते.

स्पर्धा परीक्षांमध्ये उताऱ्याचे वजन सर्वाधिक आहे. यूपीएससीच्या पूर्व परीक्षेत २०११ मध्ये सीसॅट हा कल चाचणीचा पेपर आला, एमपीएससीच्या राज्यसेवा पूर्व परीक्षेत २०१३ मध्ये. दोन्हीकडे ८० प्रश्न, २०० गुण, दोन तास. एमपीएससीच्या पेपरात तर जवळपास पन्नास प्रश्न उताऱ्यांवरचेच असत आणि त्यांचे गुण गुणवत्ता यादीत धरले जात. त्या काळात राज्यातल्या कितीतरी मुलांचा निकाल उताऱ्यांनी ठरवला. पुढे यूपीएससीने २०१५ पासून आणि एमपीएससीने २०२३ पासून हा पेपर पात्रतेपुरता केला. आता ३३ टक्के मिळाले की पुरते. तरीही या ३३ टक्क्यांवर अडकणारे उमेदवार असतातच.

व्यवस्थापन शाखेकडे जाणाऱ्यांसाठी कॅटच्या भाषा विभागात अलीकडे ४० मिनिटांत २४ प्रश्न असतात, त्यांतले १६ चार उताऱ्यांवरचे. राज्याच्या एमबीए सीईटीत १५० मिनिटांत २०० प्रश्न सोडवायचे असतात. कायद्याच्या पदवी प्रवेशाची क्लॅट २०२० पासून जवळजवळ पूर्णपणे उताऱ्यांवर बेतलेली आहे. परदेशी जाणाऱ्यांपुढे आयईएलटीएसचे ६० मिनिटांत ४० प्रश्न आणि डिजिटल सॅटचे ६४ मिनिटांत ५४ प्रश्न असतात.

एका प्रश्नाला किती वेळ मिळतो, ते काढून पाहा. एमबीए सीईटीत ४५ सेकंद, शिष्यवृत्तीत ७२, सॅटमध्ये साधारण ७१, एमपीएससीत ९०, कॅटच्या भाषा विभागात १००. उतारा वाचण्याचा वेळही यातच आला. ज्या परीक्षेत ४५ सेकंद आहेत तिथली पद्धत १०० सेकंदांच्या परीक्षेत कामाची नाही, आणि उलटही तितकेच खरे. त्यामुळे ‘उतारा कसा सोडवायचा’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. आधी परीक्षा कोणती ते सांगावे लागते.

ही पद्धत आली कुठून

बहुपर्यायी प्रश्नांचा जन्मच वाचनाच्या चाचणीत झाला, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. अमेरिकेतल्या कॅन्सास राज्यात फ्रेडरिक केली या शिक्षणतज्ज्ञाने १९१५ च्या सुमारास मूकवाचनाची चाचणी तयार केली. शिक्षकागणिक गुण बदलू नयेत आणि तपासणी झटपट व्हावी, म्हणून त्याने एकच उत्तर बरोबर ठरेल असे प्रश्न रचले. आज लाखो उत्तरपत्रिका यंत्रावर तपासल्या जातात, त्याची सुरुवात तिथे आहे.

दोनच वर्षांनी, १९१७ मध्ये, एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने मुले उतारा वाचून चुकीची उत्तरे का देतात, याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याला दिसले की मूल उताऱ्यातल्या एखाद्याच ठळक शब्दाला अवाजवी महत्त्व देते आणि बाकीच्या वाक्याचा अर्थ त्या शब्दाखाली दबून जातो. वाचणे म्हणजे प्रत्येक शब्दाला योग्य तेवढेच वजन देत विचार करणे, असे त्याचे म्हणणे होते. शंभर वर्षांनंतरही परीक्षेतल्या बहुतेक चुका याच जातीच्या आहेत. उताऱ्यातला शब्द पर्यायात दिसला की हात तिकडे वळतो. प्रश्न काढणाऱ्यालाही हे माहीत असते आणि तो शब्द तो नेमका चुकीच्या पर्यायात पेरतो.

आधी प्रश्न की आधी उतारा?

हा वाद प्रत्येक क्लासमध्ये असतो आणि दोन्ही बाजूंचे लोक ठासून बोलतात. निवाडा उताऱ्याच्या लांबीवर आणि प्रश्नांच्या स्वरूपावर करावा लागतो.

सॅटमध्ये उतारा छोटा, १५० शब्दांच्या आतला, आणि त्यावर एकच प्रश्न असतो. इथे आधी प्रश्न वाचणेच शहाणपणाचे. काय शोधायचे ते कळले की एकाच वाचनात काम होते. आयईएलटीएसमध्ये तीन लांब उतारे आणि चाळीस प्रश्न असतात. अनेक प्रकारांत प्रश्नांचा क्रम उताऱ्याच्या क्रमाने जातो. तिथे प्रश्नांवर नजर टाकून नावे, सन, आकडे लक्षात ठेवावेत आणि मग त्या जागा गाठाव्यात, ही पद्धत वेळ वाचवते.

कॅटमध्ये हेच केले तर पंचाईत होते. तिथले बहुतेक प्रश्न लेखकाचा युक्तिवाद, त्यामागचे गृहीतक, एखाद्या विधानाने तो बळकट होतो की दुबळा, असे असतात. त्यांची उत्तरे एका ओळीत सापडत नाहीत. चार प्रश्न आणि सोळा पर्याय डोक्यात घेऊन उताऱ्यात शिरलेला विद्यार्थी तुकडे गोळा करतो आणि त्याचा धागा हरवतो. इथे उतारा आधी, सलग, एकदाच पण मन लावून वाचायचा. प्रत्येक परिच्छेदानंतर क्षणभर थांबून ‘इथे काय सांगितले?’ याचे उत्तर चार शब्दांत स्वतःला द्यायचे.

एमपीएससीसाठी मधला मार्ग चांगला ठरतो. प्रश्नांची फक्त पहिली ओळ आधी वाचावी, पर्याय वाचू नयेत. चारांतले तीन पर्याय चुकीचे असतात. उतारा वाचायच्या आधी ते डोक्यात शिरले, तर उताऱ्यात नसलेली गोष्टही दिसू लागते. शिष्यवृत्तीच्या मुलांना मात्र मी आधी उतारा वाचायला सांगेन. त्यांचे उतारे लहान असतात, आणि त्या वयात सलग वाचण्याची सवय मोडू नये, हे एका परीक्षेच्या गुणांपेक्षा महत्त्वाचे आहे.

पर्याय जवळून पाहू

हे सगळे प्रत्यक्षात कसे दिसते, यासाठी मुलुंडच्या पूर्वेला खाडीकडे पसरलेल्या मिठागरांवर एक छोटा उतारा रचला आहे.

‘भरतीच्या वेळी खाडीचे पाणी मिठागरात घेतात. एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात फिरताना ते उन्हाने आटत जाते आणि शेवटच्या वाफ्यात मिठाचे स्फटिक धरतात. पावसाळा संपल्यावर हे काम सुरू होते आणि पुढचा पाऊस येईपर्यंत चालते. मीठ पिकवणे थांबले, तरी मिठागराची जमीन निरुपयोगी होत नाही. ती सखल असल्यामुळे भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले, तर वस्तीकडे जाऊ शकणारे काही पाणी साठवून धरते. म्हणून अशा जमिनीचे मोल केवळ तिथे पिकणाऱ्या मिठावर ठरवणे अपुरे आहे.’

प्रश्न: वरील उताऱ्यावरून कोणता निष्कर्ष काढता येतो?

१) मिठागरांमुळे वस्तीत पूर येत नाही.
२) मिठागराच्या जमिनीचा उपयोग मीठ पिकवण्यापुरता मर्यादित नाही.
३) मिठागरांच्या जमिनीवर घरे बांधू नयेत.
४) मिठागरात भरतीचे पाणी घेतले जाते.

पहिला पर्याय अतिरेकी आहे. उतारा ‘काही पाणी’ म्हणतो, पर्याय ‘पूर येत नाही’ म्हणतो. उताऱ्याने जेवढे म्हटले त्याच्या पुढे एक पाऊल टाकणारे असे पर्याय जवळजवळ प्रत्येक संचात असतात. सर्व, कधीही, कोणीही, पूर्णपणे असे शब्द पर्यायात दिसले की उताऱ्यात तेवढा ठामपणा आहे का, हे तपासावे. पण असा शब्द दिसला की पर्याय चूकच, हा क्लासमधला नियम मात्र खरा नाही. उताऱ्यातच ठाम विधान असेल, तर ठाम पर्याय बरोबर असू शकतो.

चौथा पर्याय खरा आहे, पण तो निष्कर्ष नाही. ती उताऱ्यात थेट दिलेली माहिती आहे. प्रश्न काय विचारतो हे विसरले की मुले अशा पर्यायांच्या गळाला लागतात. ‘मिठाचे उत्पादन पावसाळ्यात होते’ असा एखादा पर्याय असता, तर तो उताऱ्यातली गोष्ट उलटी करून सांगणारा ठरला असता. कारण आणि परिणाम यांची अदलाबदल हाही त्याचाच प्रकार.

तिसरा पर्याय सर्वांत धोक्याचा. धारावी पुनर्विकासातील घरांसाठी कांजूरमार्ग, भांडुप आणि मुलुंडची मिठागरे देण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला, तेव्हापासून या विषयावर मुलुंडमध्ये घरोघरी चर्चा आहे. इथल्या मुलाला तिसरा पर्याय मनापासून पटू शकतो, किंवा मनापासून खटकू शकतो. पण उताऱ्यात घरांविषयी एक अक्षर नाही. लेखकाने जमिनीचे मोल मिठापलीकडे आहे एवढेच म्हटले आहे, त्यावरून काय करावे ते सांगितलेले नाही. आपल्याला ठाऊक असलेले, आपल्याला पटलेले आणि उताऱ्यात लिहिलेले या तीन गोष्टी वेगळ्या ठेवणे, हा या सगळ्या परीक्षांचा गाभा आहे. आयईएलटीएसमध्ये तर यासाठी स्वतंत्र उत्तर आहे. विधान खरे, खोटे, किंवा उताऱ्यात दिलेलेच नाही. यातल्या तिसऱ्या उत्तरावर भलेभले अडखळतात, कारण न लिहिलेले आपण नकळत भरून काढतो.

दुसरा पर्याय बरोबर, आणि तो तसा असल्याचा पुरावा शेवटच्या तीन वाक्यांत बोट ठेवून दाखवता येतो. ‘तरी’ आणि ‘म्हणून’ या दोन ठिकाणी उताऱ्याची दिशा कळते. पण, मात्र, तथापि, उलट, त्यामुळे, सारांश, हे शब्द आले की लेखक वळण घेतो आहे किंवा निष्कर्षाकडे येतो आहे. अधोरेखन करायचेच तर अशा वळणांखाली करावे. सगळा उतारा रंगवून काही हाती लागत नाही.

मराठी उताऱ्यांत आणखी दोन जागा सांभाळायच्या. एक म्हणजे प्रश्नाचे शेपूट. ‘खालीलपैकी कोणते विधान उताऱ्याशी सुसंगत नाही?’ या प्रश्नातला ‘नाही’ सर्वांत शेवटी येतो. घाईत वाचणाऱ्याचे डोळे ‘सुसंगत’पाशी थांबतात आणि पुढचे सगळे उत्तर उलटे होते. अशा प्रश्नात ‘नाही’भोवती वर्तुळ करावे आणि चारही विधानांपुढे बरोबर-चूक अशी खूण करूनच उत्तर द्यावे. दुसरी जागा म्हणजे शब्दाला चिकटून येणारे ‘च’ आणि ‘ही’. ‘शेतकऱ्यांनाच लाभ झाला’ आणि ‘शेतकऱ्यांनाही लाभ झाला’ ही दोन अगदी वेगळी विधाने आहेत. एमपीएससीच्या ‘फक्त अ’, ‘फक्त ब’, ‘दोन्ही’, ‘एकही नाही’ अशा पर्यायांमध्ये निकाल अनेकदा एवढ्याशा अक्षरावर लागतो.

वेळ आणि वजा गुण

उत्तर येत नसेल तर ठोकायचे की सोडायचे? याचे उत्तर गणिताने देता येते. शिष्यवृत्ती, एमबीए सीईटी, सॅट, आयईएलटीएस यांत चुकीला वजा गुण नाहीत. तिथे एकही प्रश्न कोरा ठेवू नये.

कॅटमध्ये पर्यायांच्या प्रश्नात बरोबरला ३ आणि चुकीला वजा १. काहीच न वाचता चार प्रश्नांना उत्तरे ठोकली, तर सरासरीने एक बरोबर, तीन चूक, हाती शून्य. एक पर्याय खात्रीने बाद करता आला, तर तीन प्रश्नांत एक बरोबर आणि दोन चूक, नफा १. दोन पर्याय बाद झाले, तर दोन प्रश्नांत एक बरोबर आणि एक चूक, नफा २. यूपीएससीत एक तृतीयांश गुण वजा होतात, म्हणजे हिशेब तोच. एमपीएससीत एक चतुर्थांश, म्हणजे थोडा सैल. दोन पर्याय बाद झाल्यावरही भीतीने प्रश्न सोडून देणारी मुले स्वतःचे गुण सोडून देतात.

या हिशेबाला एक अट आहे. बाद करणे खात्रीचे हवे. चुकीचे पर्याय मुद्दाम मोहात पाडतील असे रचलेले असतात, त्यामुळे नुसत्या मनाच्या कौलाने निवडणाऱ्याचा निकाल नाणेफेकीपेक्षाही वाईट लागू शकतो.

सीसॅट पात्रतेपुरता झाल्यापासून तिथले धोरणही बदलायला हवे. २०० पैकी ६६ गुण म्हणजे, एकही चूक न करता, ८० पैकी २७ प्रश्न. सगळे उतारे सोडवण्याची गरज उरलेली नाही. पहिल्या दोन-तीन ओळींत पकड बसत नसेल, तर तो उतारा मागे ठेवावा आणि ओळखीच्या वाटणाऱ्या उताऱ्यांवर निवांत वेळ द्यावा. या पेपरात नापास होणारे बरेच जण सगळे उतारे धावत वाचून अर्ध्या उत्तरांत चुकलेले असतात.

‘पहिले सुचलेले उत्तर बदलू नका’ हा सल्ला घरोघरी दिला जातो. उत्तर बदलण्यावर झालेल्या अभ्यासांचा एक आढावा १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नेमके उलटे दिसले. बदललेल्या उत्तरांपैकी बहुतेक चुकीकडून बरोबरकडे गेलेली होती. उताऱ्यात नवा पुरावा सापडला असेल, तर उत्तर जरूर बदलावे. नुसती धाकधूक वाटते म्हणून बदलू नये.

कागद आणि पडदा

कॅट २००९ पासून संगणकावर होते. सॅट भारतात २०२३ पासून डिजिटल झाली. शिष्यवृत्ती आणि राज्यसेवेची पूर्व परीक्षा मात्र कागदावर, वर्तुळे रंगवून. हा फरक दिसतो त्याहून मोठा आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या विश्लेषणात ५४ अभ्यास आणि १ लाख ७० हजारांहून अधिक वाचक एकत्र पाहिले गेले. कागदावर वाचणाऱ्यांचे आकलन पडद्यावर वाचणाऱ्यांपेक्षा सरस निघाले आणि वेळेची मर्यादा असताना हा फरक वाढला. पडद्यावर आपण नकळत उडत वाचतो, हे त्याचे कारण असू शकते.

यातून दोन गोष्टी निघतात. परीक्षा ज्या माध्यमात, सरावही त्याच माध्यमात हवा. कॅटचे उतारे छापून सोडवणे किंवा शिष्यवृत्तीचा सराव मोबाइलवर करणे, दोन्ही चूक. आणि पडद्यावर वाचताना वेग मुद्दाम थोडा कमी ठेवावा. परिच्छेदाचा सारांश कच्च्या कागदावर दोन शब्दांत लिहिला, तरी डोळे घसरत जाणे थांबते.

दोन भाषांमधली मुले

मुलुंडसारख्या उपनगरात हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. इथे मराठी आणि गुजराती घरे शेजारी शेजारी आहेत आणि बहुतेक घरांतली मुले इंग्रजी माध्यमात जातात. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी शिकवणे सक्तीचे झाले. पण घरी अस्खलित मराठी बोलणारे मूलही मराठी उतारा अडखळत वाचते, कारण त्याने पाठ्यपुस्तकाबाहेर मराठी वाचलेलेच नसते. दुसरीकडे मराठी माध्यमातला हुशार मुलगा इंग्रजी उताऱ्यासमोर बिचकतो. त्याला विचार करता येतो, शब्द कमी पडतात.

यूपीएससीच्या सीसॅटविरुद्ध २०१४ मध्ये दिल्लीत जे आंदोलन झाले, त्याच्या मुळाशी हेच दुखणे होते. त्या वर्षी इंग्रजी आकलनाचे गुण गुणवत्तेसाठी न धरण्याचा निर्णय सरकारला घ्यावा लागला. एमपीएससीच्या पेपरात बहुतेक उतारे मराठी आणि इंग्रजी दोन्हींत छापलेले असतात. उमेदवाराने आपली मुख्य भाषा सरावातच ठरवून टाकावी. वाक्य बोजड वाटले, अर्थ लागेना, तर तेवढेच वाक्य दुसऱ्या भाषेत पाहावे. संपूर्ण उतारा दोनदा, दोन भाषांत वाचण्याइतका वेळ तिथे नसतो.

डावपेच कुठे संपतात

आता मुख्य मुद्द्याकडे. १९८८ मध्ये डोना रेख्ट आणि लॉरेन लेस्ली या दोघींनी अमेरिकेतल्या ६४ शाळकरी मुलांना बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन वाचायला दिले. काही मुले चांगली वाचक होती, काही कच्ची. काहींना बेसबॉल पक्का ठाऊक होता, काहींना अजिबात नाही. बेसबॉल जाणणारी कच्ची वाचक मुले ही बेसबॉल न जाणणाऱ्या चांगल्या वाचकांपेक्षा पुढे गेली. विषयाची ओळख असली की उतारा समजतो. क्रिकेट पाहणाऱ्या मुलाला फॉलोऑनवरचा परिच्छेद एका वाचनात कळतो, तोच मुलगा चलनवाढीवरच्या परिच्छेदात तीनदा मागे जातो. उत्तर उताऱ्यातूनच द्यायचे हे खरे, पण उतारा समजण्यासाठी लागणारी शिदोरी आधीची असावी लागते.

आकलनाची कौशल्ये शिकवण्याचा उपयोग होतो, हेही सिद्ध झालेले आहे. ॲनमरी पॅलिन्क्सर आणि ॲन ब्राउन यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले की पुढे काय येईल याचा अंदाज, स्वतः प्रश्न तयार करणे, न कळलेले स्पष्ट करून घेणे आणि सारांश सांगणे, या चार गोष्टी गटात शिकवल्या तर कच्ची मुले लक्षणीय सुधारतात. मात्र डॅनियल विलिंगहॅम यांच्यासारखे अभ्यासक पुढची गोष्ट सांगतात. अशा कौशल्यांचा फायदा थोड्या तासिकांत मिळून जातो. त्याच तासिका वाढवत नेल्या, तरी फायदा त्या प्रमाणात वाढत नाही. वर्षभर क्लासमध्ये उताऱ्यांमागून उतारे सोडवूनही गुण एका जागी थांबतात, त्याचे कारण हे आहे. मुलाला पद्धत कळलेली असते. कमी पडतात ते शब्द आणि जगाची ओळख.

देशपातळीवरचे चित्रही याकडेच बोट दाखवते. ‘असर’च्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत पाचवीतल्या निम्म्याहून कमी मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर नीट वाचता आला. जिथे सलग वाचणेच जमत नाही, तिथे पर्याय बाद करण्याच्या युक्त्या शिकवून काय साधणार?

मग करायचे काय?

डावपेचांसाठी तीन ते चार आठवडे पुरेत. आपल्या परीक्षेचा आराखडा समजून घ्या, प्रश्नांचे प्रकार ओळखा, चुकीच्या पर्यायांच्या जाती ओळखा, वेळेचा हिशेब पक्का करा. मागच्या वर्षांच्या खऱ्या प्रश्नपत्रिका वापरा. बाजारातल्या अनेक सराव संचांत उत्तरच वादग्रस्त असते आणि त्यातून चुकीच्या सवयी लागतात. एक चुकांची वही ठेवा. प्रत्येक चुकीपुढे कारण लिहा: शब्द अडला, प्रश्न अर्धवट वाचला, अतिरेकी पर्याय निवडला, स्वतःचे मत घातले. दहा-बारा उताऱ्यांनंतर आपली चूक एक-दोनच प्रकारांत पुन्हा पुन्हा होते, हे वहीच दाखवून देते.

त्यानंतर वाचन, रोज आणि विविध. मराठीसाठी बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आहे आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. मोठ्यांसाठी मराठी विश्वकोशातल्या नोंदी तशाच मोफत आहेत. घट्ट, माहितीपूर्ण मराठी गद्य वाचण्याचा सराव त्यांच्यातून उत्तम होतो. वर्तमानपत्राचा अग्रलेख रोज वाचून त्याचा मुख्य मुद्दा एका वाक्यात लिहावा. न आवडणाऱ्या विषयावरचे आठवड्यातून एकदा तरी वाचावे, कारण परीक्षेत नेमके तेच येते. मुलुंडमध्ये महाराष्ट्र सेवा संघासारख्या संस्थेचे ग्रंथालय हाताशी आहे. टेस्ट सिरीजच्या शुल्काच्या तुलनेत ग्रंथालयाची वर्गणी अगदी किरकोळ असते.

घरच्यांनी करण्यासारखी एक गोष्ट आहे आणि तिला पैसा लागत नाही. मुलाने उत्तर दिले की, ते बरोबर असो वा चूक, ‘कशावरून?’ एवढेच विचारा आणि उताऱ्यातल्या ओळीवर बोट ठेवायला सांगा. बोट ठेवता आले नाही, तर उत्तर बरोबर असले तरी ते समजून दिलेले नाही. आईवडिलांना इंग्रजी येत नसले, तरी हा प्रश्न विचारता येतो.

शाळांनी आणि क्लासचालकांनीही आपले वेळापत्रक उलटे करावे. आज अकरा महिने सराव संच आणि उरल्या वेळात वाचन, असे चालते. एक महिना डावपेचांना द्या आणि अकरा महिने मुलांच्या हाती पुस्तके द्या. शिष्यवृत्तीपासून सीसॅटपर्यंतच्या सगळ्या उताऱ्यांसाठी याहून खात्रीची तयारी नाही.